लाखेची पाच पाकिटं

'छडा' मासिकाच्या कचेरीत एक नियम ऐंशी वर्षं चालत आला होता. लेखकानं गोष्ट दोन पाकिटांतून पाठवायची. पांढऱ्या पाकिटात सगळी गोष्ट, फक्त शेवटची पानं वगळून. ती पानं खाकी पाकिटात, बंद करून. संपादकानं पांढरं पाकीट वाचायचं, गुन्हेगार कोण असावा याचा आपला अंदाज एका चिठ्ठीवर लिहायचा, खाली तारीख घालून सही ठोकायची आणि मगच खाकी पाकीट फोडायचं. अंदाज बरोबर निघाला तर गोष्ट साभार परत. चुकला तर ती छापण्याचा विचार.

"ज्याला फसता येत नाही त्यानं रहस्यकथेच्या मासिकात बसू नये," असं संस्थापक दाजी नाडगोंडे म्हणत. "त्यानं सरळ पोलिसात जावं."

उज्ज्वलाबाई सरनाईक या कचेरीत आल्या त्या १९९५ साली, पंचविसाव्या वर्षी, मुद्रितं तपासायला. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका कागदाच्या दुकानावर ही कचेरी होती, आणि अजूनही तिथंच होती. लाकडी जिना, त्याची नववी पायरी तेव्हापासून तुटकी. दाजी गेल्यावर त्यांच्या खुर्चीत उज्ज्वलाबाई बसल्या, त्यालाही आता एकोणचाळीस वर्षं झाली. या सगळ्या काळात त्यांच्याबद्दल एक दंतकथा लेखकांत पसरली होती: बाईंना सगळं आठवतं. कुणी जुनी युक्ती नव्या कपड्यांत पाठवली की तिसऱ्या दिवशी त्याला पोस्टकार्ड मिळे, 'बर्फाच्या सुरीचा खून मे २००१ च्या अंकात पान ४१ वर होऊन गेला आहे. कृपया दुसरं हत्यार शोधावं.'

२०४३ च्या त्या श्रावणात मात्र उज्ज्वलाबाईंच्या पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं. खुर्चीत बसल्या की उठावंसं वाटे, उठल्या की कशासाठी उठलो ते सुचत नसे. खिडकी उघडत, लावत. काहीतरी राहून गेलंय, शेगडी बंद करायची राहावी तसं, एवढंच सारखं मनात येई.

"पोवार," त्या एका सकाळी म्हणाल्या, "दिवाळी अंक तोंडावर आला आणि मी एक पाकीट फोडलेलं नाही अजून. यंदा काय झालंय मला! काढा बघू सगळी."

हणमंत पोवार कपाटापाशी उभे होते. पाकिटं, चिठ्ठ्या, किल्ल्या, सगळं त्यांच्या ताब्यात. शेहेचाळीस वर्षांपूर्वी ते बाइंडिंगला लागले आणि हळूहळू व्यवस्थापक, टपालखातं आणि चहा असे सगळेच झाले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"उद्या देतो," ते म्हणाले.

"आज का नाही?"

"कपाटाचं कुलूप अडकायलंय. त्येल घालतो."

दुसऱ्या दिवशी टेबलावर बारा जोड्या रांगेनं मांडून ठेवलेल्या होत्या.

त्याच दिवशी केतकी आली. केतकी ही उज्ज्वलाबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. डोळे आणि मेंदू यांच्यामधल्या वाटेवर तिचं संशोधन चाले. मावशी एकटी राहते म्हणून आठवड्यातून दोनदा ती चक्कर मारी. आज तिच्या हातात चष्म्याची डबी होती.

"घे. तुझ्या ऐंशीव्या वर्षाच्या अंकाला माझ्याकडून भेट."

"ऐंशी मासिकाला झाली गं. मला त्र्याहत्तर."

चष्मा साधा दिसत होता. काड्या जरा जाड, आणि चौकटीच्या आतल्या बाजूला डोळ्याकडे तोंड करून बसवलेले मोहरीएवढे दोन कॅमेरे.

"हे बघ," केतकी म्हणाली, "आपल्या मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक ठिपका असतो. तांदळाच्या लांबट दाण्याएवढा. काही अनपेक्षित घडलं की तो चेततो आणि सगळ्या मेंदूला हाक घालतो, 'जागे व्हा, नवीन आहे!' त्या हाकेसरशी डोळ्यातली बाहुली मोठी होते. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, पण होते. माणूस तोंडानं काहीही सांगो, बाहुलीला सोंग घेता येत नाही. उजेडानं ती लहानमोठी होते तो हिशेब हा चष्मा वजा करतो आणि उरतं ते निव्वळ आश्चर्य. पोवारकाका, या इकडं."

पोवारांनी अंगठी घालावी तसा जपून चष्मा घातला. केतकीनं फोन समोर धरला आणि सावकाश वाचलं, "एक माणूस सकाळी उठला. त्यानं तोंड धुतलं. मग चहात चमचाभर मीठ घातलं."

फोनवरची सपाट रेघ 'मीठ' शब्दापाशी टुणकन उडाली.

"आमच्या हिनं खरंच घातलं हुतं एकदा," पोवार म्हणाले. "पर तवा कुणी मोजलं न्हाई."

उज्ज्वलाबाई हसल्या, पण त्यांच्या डोक्यात चक्र फिरू लागलं होतं. बाहेरच्या जगात हे चष्मे नवे नव्हते. गोष्टी पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या ते फुकट वाटत. तुम्ही वाचत असता, यंत्र तुमची बाहुली पाहत असतं. तुम्हाला गुन्हेगार ओळखू आला असं दिसलं की यंत्र पुढच्या पानावरचा गुन्हेगारच बदलून टाकतं. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, प्रत्येक जण चकित, आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच कुणाशी बोलायला काही नाही. 'छडा' टिकून होता तो त्या उलट्या हट्टावर. कागदावर छापलेली, सगळ्यांना सारखी गोष्ट. आणि उकल बंद पानात. त्या पानाची कड न कापताच अंक घरोघर जाई, वाचकानं स्वयंपाकघरातली सुरी आणून ती कापायची. एकदा कापलं की कापलं.

"हाच चष्मा लावून मी दिवाळीच्या गोष्टी निवडते," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी तर असेलच, वर डोळ्यांची साक्ष. लिहा पोवार, घोषणा लिहा: 'या अंकातली प्रत्येक गोष्ट संपादकांच्या डोळ्यांनी पारखलेली आहे. जिच्यामुळं डोळे विस्फारले नाहीत ती छापलेली नाही.'"

पोवारांची लेखणी कागदावर टेकली ती तिथंच थांबली.

"बाई, घोषणा कशाला? आदी वाचून तर बगा."

"तुम्ही लिहा हो. माझे डोळे आहेत, कुणी उसने आणलेले नाहीत."

वाचन आठ दिवस चाललं. पांढरं पाकीट, चिठ्ठी, सही, खाकी पाकीट. एक गोष्ट संपली की केतकीनं शिकवल्याप्रमाणे उज्ज्वलाबाई फोनवरची रेघ पाहत.

निकाल विचित्र होता.

बारांपैकी सात गोष्टी टाकाऊ होत्या. एकीत शेवटच्या पानावर जुळा भाऊ उगवला होता, एकीत खून मांजरानं केला होता. त्या सातही ठिकाणी रेघ उडाली होती, मांजरापाशी तर ताडमाड. उरलेल्या पाच मात्र खणखणीत. त्यांतली 'सातवी घागर' ही इचलकरंजीच्या नसीम मुल्ला नावाच्या शाळामास्तरणीची पहिलीच गोष्ट. अशी गोष्ट दहा वर्षांत एकदा टपालातून येते. एका विहिरीवर सात घागरी, सातवीत विष, आणि पाणी भरणाऱ्या सगळ्या बायका एकाच घरच्या. उज्ज्वलाबाईंनी चिठ्ठीवर ठामपणे लिहिलं, 'धाकटा दीर'. खाकी पाकीट फोडलं. धाकटा दीर नव्हताच. ज्या आंधळ्या म्हाताऱ्या आत्याला सगळी गोष्टभर वाचकानं हात धरून पायरीवर बसवलं होतं, तीच निघाली. आणि पहिल्या परिच्छेदापासून ते समोर लिहिलेलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

आणि रेघ सपाट. ढिम्म. पाचही ठिकाणी.

"यंत्र बिघडलंय," त्या केतकीला म्हणाल्या. "मांजराला डोळे विस्फारतात आणि मुल्लाबाईला जांभई देतात."

केतकीनं चष्मा तपासला. यंत्र ठीक होतं.

"मांजराचं समजू शकते. हे यंत्र दर्जा मोजत नाही मावशी, फक्त अनपेक्षितपणा मोजतं. मूर्खपणाही अनपेक्षित असतो. पण ह्या पाच… इथं चिठ्ठी म्हणते तुला माहीत नव्हतं, आणि डोळे म्हणतात माहीत होतं."

"दोघांतलं एक खोटं बोलतंय."

"डोळे बोलत नाहीत खोटं." केतकीनं चष्मा डबीत ठेवला. "कुणी तुला ह्या गोष्टींचे शेवट आधी सांगितले होते का? सहज, बोलता बोलता? आपलं लक्ष नसतं, पण कानावरून गेलेलं मेंदू ठेवून घेतो."

"मला? शेवट? या कचेरीत?" उज्ज्वलाबाई उठून उभ्या राहिल्या.

केतकी गेल्यावर त्यांनी बाराही खाकी पाकिटं टेबलावर पसरली. चाळीस वर्षं त्या लेखकांना शिकवत आल्या होत्या, की उत्तर नेहमी डोळ्यांसमोरच ठेवलेलं असतं. सात पाकिटांच्या तोंडाला होता डिंक किंवा चिकटपट्टी, हल्ली लोक लावतात तशी. आणि पाचांच्या तोंडाला होती लाल लाख.

लाख आजकाल ठेवतो कोण? इचलकरंजीच्या मास्तरणीकडे नसते, नांदेडहून गोष्ट पाठवणाऱ्या डॉक्टरकडे नसते. लाखेची कांडी असते पोवारांच्या खणात. अचूक उत्तर पाठवणाऱ्या वाचकांची बक्षिसं ते अजूनही लाख लावून धाडत.

उज्ज्वलाबाईंनी हाक मारली. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"पोवार, ही पाच पाकिटं कुणी फोडली?"

पोवारांनी लाखेकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"मी."

"कशाला?"

"वाचायला."

"आणि वाचून गप्प बसवलं नाही. जेवताना, चहा घेताना कधीतरी माझ्यासमोर बोललात. म्हणून माझे डोळे असे ढिम्म राहिले. शेहेचाळीस वर्षं ह्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत, पोवार! दाजींच्या वेळी असं केलं असतंत?"

"दाजींच्या टायमाला येळ आली न्हाई, बाई."

"कसली वेळ?"

 पोवारांनी कनवटीचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, टेबलावर ठेवला, टोपी सारखी केली.

"दिवाळी अंकाचा कागद सोमवारी यायचा हाय. सही घेतल्याबिगर उतरून घिऊ नगा. मागल्या बारीला दोन रिमं वली निगाली हुती." एवढं सांगून ते जिना उतरले. नववी पायरी चुकवल्याचा तो ओळखीचा ठेका ऐकू आला, आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

दोन दिवस उज्ज्वलाबाई एकट्या कचेरीत फेऱ्या मारत होत्या. पोवार नसले की कचेरी केवढी मोठी होते! चहाची किटली कुठं असते ते सापडेना. भिंतीवरच्या कॅलेंडरावर पोवारांच्या अक्षरात बारीक बारीक लिहिलेलं होतं: 'बाईंना गोळी दिली', 'छापखान्याला फोन झाला, परत करू देऊ नये', 'लाइट बिल भरलं, दाखवलं'. ही काय पद्धत, असं त्यांना वाटलं. राग आला. मग रागाचं कारण हातातून निसटलं आणि नुसती चुळबुळ उरली.

पण घोषणा छापखान्यात गेली होती. जिच्यामुळं डोळे विस्फारले नाहीत ती गोष्ट छापायची नाही. चार लेखकांना त्यांनी साभार परतीची पत्रं लिहून ठेवली. पाचवी मुल्ला. तिला नुसतं पत्र पाठवायला मन धजेना. इतकी चांगली गोष्ट परत करताना निदान आवाज तरी आपला असावा. त्यांनी फोन लावला.

"नसीम मुल्ला? मी 'छडा'तून उज्ज्वला सरनाईक बोलते."

"मॅडम! बोला ना. मुद्रितं आली का? मी सुट्टीच टाकते तपासायला."

"मुद्रितं नाहीत. तुमची गोष्ट… उत्तम आहे. पण यंदा आम्ही एक नवी कसोटी लावली आहे आणि दुर्दैवानं…"

 पलीकडे मागं कुठंतरी शाळेची घंटा वाजत होती.

"पण मॅडम, तुम्ही तर घेतलीत ती."

"कुणी सांगितलं तुम्हाला? पोवारांनी?"

"नाही. तुम्हीच. जून महिन्यात. मी वर्गावर होते, पोरांना गप्प बसवून फोन घेतला. तुम्ही इतक्या हसत होतात! म्हणालात, 'बाई गं, चांगलं फसवलंस मला. मी चिठ्ठीवर धाकटा दीर लिहून बसले होते.' मी त्या रात्री अम्मीला दहा वेळा सांगितलं ते, धाकटा दीर, धाकटा दीर." नसीमचा आवाज चाचरला. "मॅडम, ऐकताय ना?"

उज्ज्वलाबाई ऐकत होत्या. खिडकीबाहेर रिक्षा थांबली, कुणी उतरलं, रिक्षा गेली, तेही त्यांनी ऐकलं.

चिठ्ठीवर धाकटा दीर लिहिला तो गेल्या आठवड्यात. पोवारांनी पाकीट फोडलं असेल तर त्यांना शेवट कळेल, विहीर कळेल, आत्या कळेल. संपादकाच्या मनातला चुकीचा संशय कसा कळेल? तो जगात एकाच माणसाला ठाऊक असू शकतो.

"मी तुम्हाला पुन्हा फोन करते," त्या म्हणाल्या. "करायला विसरले तर तुम्ही करा."

टेबलावरचा जुडगा त्यांनी उचलला. कपाटाच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे होते, त्यांत १९६३ पासूनच्या चिठ्ठ्या. प्रत्येक अंकाची गड्डी दोऱ्यानं बांधलेली. या कचेरीतून एकही चिठ्ठी कधी फेकली गेली नव्हती. पोवारांना पाकिटाला लाख लावता आली होती, पण चिठ्ठी फाडायला त्यांचा हात धजला नसणार. सगळ्यात वरची गड्डी यंदाच्या दिवाळीची. त्यांनी दोरा सोडला.

'सातवी घागर. धाकटा दीर. उ. सरनाईक. १४ जून.'

त्याच्याखाली, त्याच शाईत, 'धाकटा' मधल्या 'ध'ला तोच वळसा देऊन:

'सातवी घागर. धाकटा दीर. उ. सरनाईक. २० ऑगस्ट.'

पाचही गोष्टींच्या दोन दोन चिठ्ठ्या निघाल्या. दोन्ही वेळेला तेच नाव, तोच आत्मविश्वास. आणि टाकाऊ सातांची मात्र एकेकच.

सरळ होतं. इतकं सरळ, की एखाद्या नवख्या लेखकानं पाठवलं असतं तर त्यांनी पहिल्या पानावरच ओळखलं असतं. जूनमध्ये आलेल्या गोष्टींतल्या वाईट लगेच परतीच्या टपालानं गेल्या होत्या. चांगल्या पाच कचेरीत राहिल्या होत्या. मग एके सकाळी संपादकबाई म्हणाल्या, एक पाकीट फोडलेलं नाही अजून. आणि एका माणसानं कुलूप अडकल्याचं सांगून एक दिवस मागून घेतला, ती पाच पुन्हा लाखेनं बंद केली आणि नव्यानं आलेल्या सातांत मिसळून दिली.

खाली बसायला हवं होतं, पण खुर्ची कुठल्या बाजूला आहे ते त्यांना क्षणभर समजेना.

त्यांनी केतकीला बोलावून दोन्ही चिठ्ठ्या पुढं ठेवल्या. केतकीनं दोन्ही तारखा वाचल्या. मग शास्त्रज्ञाच्या आवाजात बोलू लागली, कारण भाचीचा आवाज तिला जमत नव्हता.

"मेंदूत नव्या आठवणींची नोंद करणारी एक जागा असते. ती थकायला लागली की 'मी हे वाचलं' एवढं राहत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं राहतं, कारण त्याची नोंद कधीच पक्की झालीय. पण वाचल्याची एक खूण दुसरीकडे, खाली कुठंतरी उमटते. तिला शब्द नसतात. तू ह्या जिन्याची नववी पायरी चुकवतेस ना, ती तुला आठवते म्हणून नव्हे; पायाला आठवते. तसं हे तुझ्या डोळ्यांना आठवलं." तिनं मावशीचा हात धरला. "औषधं आहेत आता. थांबवत नाहीत, पण वेग कमी करतात. आपण उद्याच जाऊ. आणि… हे कुणाला कळायची गरज नाही. चष्मा लावून वाचत जा. रेघ सपाट आली की समजायचं, वाचलेली आहे. तू आणखी पाच वर्षं चालवशील मासिक."

उज्ज्वलाबाईंनी चष्म्याच्या डबीकडे पाहिलं. खरंच चालवता आलं असतं. पण मे २००१ ची बर्फाची सुरी आपण उद्याही ओळखू; गेल्या वर्षीची चोरलेली युक्ती ओळखणार कोण? नव्या लेखकाचं खाकी पाकीट आपण जूनमध्ये फोडू, ऑगस्टमध्ये परत करू, आणि त्याच्या आनंदाची घंटा वाजून गेल्याचं आपल्याला कळणारही नाही. आज ती मुलगी बोलली म्हणून कळलं. उरलेल्या चौघांची पत्रं टेबलावर तयार होती.

त्यांनी ती पत्रं उचलली, फाडली आणि चपला घातल्या.

पोवारांचं घर शुक्रवार पेठेत. ते अंगणात स्टुलावर बसून लसूण सोलत होते. बाई दारात दिसल्या तशी त्यांनी पोटरीपर्यंत सरकलेला पायजमा घाईनं खाली केला.

"बसा. हिला च्या टाकायला सांगतो."

"मीठ घालू नका म्हणावं."

पोवारांनी मान वर केली. विनोद ऐकून नव्हे. मिठाची गोष्ट बाईंना आठवतेय, हे पाहून.

"काय काय आठवतंय ते मला अजून आठवतंय, पोवार." उज्ज्वलाबाई पायरीवरच बसल्या. "किती वेळा झालं असं?"

"गोष्टींचं यवढंच. बाकी… छापखान्याला एकच फोन तीनदा. मार्चपास्नं."

"आणि मी चोर म्हटलं तर 'होय' म्हणून मोकळे झालात. तोंड नव्हतं का?"

"तोंड हुतं की. पर काय सांगू? बाई, तुमी ही वाचल्यालीया, आसं?" त्यांनी लसणाची पाकळी उगाच बोटांत फिरवली. "तुमी पयल्या बारीला वाचली तवा मी बाहेर बसलोतो. आत यकटंच हसत हुता. मग दुसऱ्या बारीला बी तसंच हसला. म्हणलं, ह्यात वंगाळ काय झालं? जून म्हैना गेला आसंल, पर हसू तर खरं हुतं न्हवं?"

 आतून फोडणीचा वास आला, कुणीतरी खोकलं.

"वंगाळ हे झालं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "की मला निवडायला एकच गोष्ट हातात असते, माझं मन. ते कुठं गळतंय हे मला न सांगता तुम्ही भांडं खाली लावून बसलात. माया म्हणून लावलंत, ते कळतं मला. पण आता सांगायचं. दरवेळी. तोंडावर."

"तुमी चिडशीला."

"चिडेन. मग विसरेन."

पोवार हसले नाहीत, पण लसणाची ताटली त्यांनी बाजूला ठेवली.

त्या वर्षीच्या 'छडा'च्या दिवाळी अंकात पाचही गोष्टी आल्या. संपादकीय मात्र नेहमीसारखं नव्हतं. ती एक दोन पानी रहस्यकथाच होती: एका कचेरीत पाच पाकिटं कुणीतरी आधीच फोडलेली आहेत, संशय एका जुन्या, इमानी माणसावर आहे, पुरावा लाल लाखेचा. 'वाचकहो, पाकिटं कुणी फोडली?' असं विचारून ते संपत होतं. उकल बंद पानात होती. ज्यांनी ज्यांनी सुरीनं ती कड कापली, त्यांना आत बाईंच्या हस्ताक्षरात छापलेल्या, दोन तारखांच्या दोन चिठ्ठ्या दिसल्या, आणि खाली चार ओळी: संपादकांना अलीकडचं विसरायला होतं. म्हणून जानेवारीपासून 'छडा'चं संपादन नसीम मुल्ला करतील. या अंकासाठी डोळ्यांच्या कसोटीची घोषणा केली होती; ती मागे घेतली आहे, कारण डोळे खरे निघाले आणि बाकीची मी नाही.

नसीम आधी नको म्हणाली होती. "मॅडम, मला फसवता येतं. फसता येत नाही. मी तर प्रत्येक गोष्टीत तिसऱ्या पानावर ओळखते."

"म्हणून तर," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "जुनी युक्ती कोणती, नवी कोणती, ते तू राखायचं. फसायचं काम माझ्याकडे राहू दे."

त्याप्रमाणे चालू झालं. सकाळी अकरा वाजता उज्ज्वलाबाई जिना चढत, नववी पायरी चुकवत, आणि खिडकीजवळच्या लहान टेबलाशी बसत. चष्म्याची डबी तिथंच असे, बंद. पाकीट हातात घेतल्यावर त्या ते आधी पोवारांसमोर धरत.

"हे वाचलंय मी?"

"न्हाई. कालच्या टपालातलं हाय."

मग त्या वाचत, चिठ्ठी लिहीत, आणि सहीखाली पोवार आपली सही करत: 'पहिल्यांदाच वाचलं. साक्षीदार ह. पोवार.' कधी त्या शब्दावर विश्वास ठेवायला मन तयार नसे. बोटं डबीकडे जात, तिच्यावर टकटक वाजवत आणि परत येत.

माघाच्या एका सकाळी त्यांच्या हाताला जुन्या ढिगातलं एक पांढरं पाकीट लागलं. वरचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"'सातवी घागर'. नाव तर झकास आहे. हे वाचलंय का हो?"

पोवार खिडकी पुसत होते. फडकं थांबलं.

"व्हय," ते म्हणाले. "वाचलंया."

उज्ज्वलाबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं.

"किती वेळा?"

"दोनदा."

"फसले होते?"

"दोनी बारीला."

 बाई खुर्चीत सरसावून बसल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे पाय स्थिर होते.

"मग जा," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या पाकिटाला लाख लावून आणा."

पोवारांनी खणातून कांडी काढली. लाल थेंब खाकी कागदावर पडून गार होईपर्यंत उज्ज्वलाबाईंची पहिली तीन पानं वाचून झाली होती. विहीर त्यांना आवडली, त्या आंधळ्या आत्याची फार कीव आली. शेवटच्या ओळीपाशी त्यांनी चिठ्ठी पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि जराही न अडखळता लिहिलं, 'धाकटा दीर'.